जागा बदलून वाचताना

आमची सून धारवाडकडची. जैनच, पण माहेरी सगळं कन्नड. आमच्या निपाणीत दोन्ही भाषा कानावर असतातच, त्यामुळे घरात कधी अडलं नाही. ती मला 'अत्ती' म्हणते. गेल्या दिवाळीनंतर एक दिवस म्हणाली, "अत्ती, या आपल्या भागाचा इतिहास वाचायचाय मला. सोपं असं एखादं पुस्तक द्या. आणि कुणाची बाजू न घेणारं द्या."

मी उत्साहानं कपाट उघडलं आणि चार पुस्तकं काढून तिच्या हातात ठेवली. तिनं ती चाळली, बोलली काहीच नाही. माहेरी जाऊन आली तेव्हा पिशवीत दोन कन्नड पुस्तकं होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, बाजू न घेणारं पुस्तक मागितलं तर मी चार दिली, आणि चारही माझ्याच बाजूची!

मग दुपारची भांडी आवरली की आम्ही दोघी वाचायला बसू लागलो. ती कन्नड वाचून मला मराठीत सांगायची, मी माझं वाचून दाखवायची. वाचताना वाटावं, ही दोन वेगळ्या मुलखांची गोष्ट आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तिच्या पुस्तकात तो विखुरलेले कन्नड लोक एकत्र आल्याचा आनंदाचा दिवस. माझ्या पुस्तकात मराठी माणूस तोडला गेल्याचा. त्याच वर्षी 17 जानेवारीला सीमाभागात गोळीबार झाला, माणसं मेली. माझ्या पुस्तकात त्यावर पानंच्या पानं. तिच्या पुस्तकात एक ओळसुद्धा नाही. मला राग आला.

पण पुढं महाजन आयोग आला. 1966 साली नेमलेला, 1967 साली अहवाल दिलेला. बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावं असं आयोगानं म्हटलं आणि महाराष्ट्रानं तो नाकारला, एवढं मला लहानपणापासून पाठ. निपाणी, खानापूरसह 264 गावं महाराष्ट्राला द्यावीत असं त्यात आहे, हेही ठाऊक. पण अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत या भागांतली 247 गावं तिकडं द्यावीत असंही त्यातच आहे, ते माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. आणि तिच्या पुस्तकात अहवाल अगदी शिरोधार्य, पण निपाणीचं नाव गाळलेलं! जे आपल्याला सोयीचं नाही ते दोघांनीही हळूच पदराखाली झाकलं होतं. खोटं असं कुणीच लिहिलं नव्हतं. अर्धंच लिहिलं होतं.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आपल्यातल्या बहुतेकींनी पाहिली असेल. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं ती 1204 साली बांधली. तिथला शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि तो जुन्या कन्नडमध्ये आहे. हे सुनेनं वाचून दाखवलं तेव्हा, खरं सांगते, मनाला थोडं बोचलं. इतकी वर्षं नेमिनाथांपुढे हात जोडले, तेव्हा भाषा आठवली नव्हती. पुस्तकात आल्यावर का बोचावी? त्या दिवशी मला कळलं, पुस्तक निःपक्षपाती नाही अशी तक्रार करताना आधी वाचणाऱ्याकडेही बघायला हवं. जे वाक्य बोचतं तिथंच थांबून विचारावं, हे खोटं आहे की नुसतंच नकोसं आहे?

आपल्याकडे हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते. एकाला खांब वाटतो, एकाला सूप. मग डोळस माणूस येतो आणि सांगतो. इतिहासाचं पुस्तक शोधताना आपण त्या डोळस माणसाची वाट बघत असतो. तो येतच नाही. प्रत्येक लेखक कुठल्या ना कुठल्या गावात, भाषेत, घरात वाढलेला. 1884 चं बेळगावचं इंग्रजी गॅझेटिअर घ्या. माहिती खच्चून भरलेली, मराठी-कन्नड भांडण त्यात नाही. पण तेही राज्य चालवायला राज्यकर्त्यांनी केलेलं. मला वाटतं, डोळस माणूस नसला तरी त्या आंधळ्यांना एक गोष्ट करता आली असती. त्यांना जागा बदलता आल्या असत्या. सोंडेपाशी होता त्यानं पायाशी जायचं, पायाशी होता त्यानं कानाशी.

असे जागा बदललेले लोक आपल्याच मातीत झाले. सदलग्यात जन्मलेले डॉ. आ. ने. उपाध्ये कोल्हापूरला राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवायचे, आणि 1967 साली श्रवणबेळगोळला भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. बेळगाव जिल्ह्यातल्याच शं. बा. जोशींनी, कन्नडचे एवढे मोठे संशोधक असून, 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' हे पुस्तक मराठीत लिहिलं. रा. चिं. ढेरे मराठीचे, विठ्ठलाचा शोध घेताना ते कर्नाटकात शिरायला कचरले नाहीत. आणि श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी चामुंडरायाचं नाव कन्नड, तमिळ, मराठी अशा तिन्ही भाषांत कोरलेलं आहेच. यांचं सगळं पटलंच पाहिजे असं नाही. शं. बां.ची मतं वाचून मी सुनेशी दोन दिवस वाद घातला.

मात्र अनेकांत म्हणजे 'तुमचंही खरं, आमचंही खरं' म्हणून विषय मिटवणं नव्हे. तो आळस झाला. बाजूनुसार अर्थ बदलेल, पण गोळीनं मेलेला माणूस कुठल्याही बाजूनं मेलेलाच असतो. कन्नडमधला लेख कन्नडच असतो. हत्तीला कुणी म्हैस म्हणू लागलं तर ते चूकच.

म्हणून आता कुणी मैत्रीण विचारते तेव्हा मी एक पुस्तक सांगत नाही, दोन सांगते, दोन्ही बाजूंची. कन्नड येत नसेल तर शेजारणीला वाचून दाखवायला सांगावं. आपल्या भागात अशी शेजारीण मिळतेच. लेखक समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडतो का, आकडा कुठून आणला ते सांगतो का, आपल्या माणसांची चूक लिहितो का, एवढं बघावं.

यंदा 1 नोव्हेंबरला मी सुनेला विचारलं, "तुमच्याकडं आज काय काय असायचं गं?" शाळेत ध्वज, गाणी, नवे कपडे, ती सांगत राहिली. मग मी तिला आमच्या लहानपणीचा काळा दिन सांगितला, बंद दुकानं, घरातली गंभीर माणसं. दोघींनी पुरतं ऐकून घेतलं. बाजू कुणीच बदलली नाही. चहा मात्र गार झाला, तो तिनं परत गरम करून आणला.