विनोबांची शासनमुक्ती आणि अद्वैत

दंडशक्तीच्या, म्हणजे शिक्षेच्या धाकाच्या, आधारावाचून समाज चालू शकतो असे मानणाऱ्या विचाराला अराज्यवाद म्हणतात. युरोपात क्रोपोटकिन यांनी त्याला जीवसृष्टीतील परस्परसाहाय्याचा, तर टॉलस्टॉय यांनी ख्रिस्ताच्या उपदेशाचा आधार दिला. विनोबा भावे (१८९५–१९८२) यांनी तो अद्वैतात, सर्वांभूती एकच आत्मा आहे या प्रतीतीत शोधला आणि या विचाराला शासनमुक्ती हे नाव दिले.

हा आधार मराठी मातीतलाच होता. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील सावरगावच्या मायंबा गडावर ज्यांची समाधी मानली जाते, त्या मच्छिंद्रनाथांपासून गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ यांच्याद्वारे ज्ञानदेवांपर्यंत आलेल्या परंपरेत अधिकार राजाकडून मिळत नाही, तो गुरू शिष्याच्या ठायी जागा करतो. ज्ञानदेवांच्या भजनांवर चिंतनिका लिहिणाऱ्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी टिपून घेतली. गीतेच्या शिकवणीला विनोबांनी पुढे साम्ययोग म्हटले. आत्मा सर्वत्र सम असेल, तर एका माणसाने दुसऱ्यावर हुकूम चालवण्याला तात्त्विक आधारच उरत नाही, आणि जमिनीवरील मालकीलाही उरत नाही. तेव्हाच्या हैदराबाद राज्यातील पोचमपल्ली येथे १८ एप्रिल १९५१ रोजी रामचंद्र रेड्डी यांनी भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदान चळवळ सुरू झाली, हे या भूमिकेशी पूर्णपणे सुसंगत होते.

परंतु विनोबांच्या निष्ठेची खरी कसोटी १९५६ साली तमिळनाडूतील पळणी येथे लागली. भूदान समित्यांचे जाळे देशभर पसरले असताना आणि गांधी स्मारक निधीतून कार्यकर्त्यांचा खर्च चालत असताना, त्यांनी तंत्रमुक्ती आणि निधिमुक्ती जाहीर करून, म्हणजे समित्या विसर्जित करून व निधी नाकारून, स्वतःच उभारलेली यंत्रणा मोडली. राज्यसंस्था नको म्हणणारे पुष्कळ असतात. आपल्याच चळवळीतील सत्ता अशी सोडून देणारे विरळा.

म्हणूनच आणीबाणीतील त्यांची भूमिका अधिक खटकते. मौनव्रतात असताना त्यांनी लिहिलेले ‘अनुशासनपर्व’ हे शब्द सरकारने आपल्या समर्थनार्थ वापरले; शासन सत्तेचे आणि अनुशासन आचार्यांचे, हा खुलासा त्यांनी २५ डिसेंबर १९७५ रोजी मौन सोडल्यावर केला. तोवर जयप्रकाश नारायण यांच्यासह अनेक सर्वोदयी कार्यकर्त्यांनी तुरुंगवास भोगला होता, आणि दंडशक्ती आयुष्यभर नाकारणाऱ्या विचारवंताकडून तिचा स्पष्ट निषेध त्या वेळी व्हायला हवा होता.