मासा, समुद्र आणि पंचविसावा गुरू



आज एकनाथी भागवताचा आठवा अध्याय. एकादश स्कंधावरची ही टीका नाथमहाराजांनी १५७३ साली वाराणसीत पूर्ण केली. यदुराजा एका अवधूताला विचारतो, तुझ्याकडे काहीच नाही, तरी तू इतका आनंदी कसा? अवधूत म्हणतो, मी चोवीस गुरू केले. कोण? पृथ्वी, वारा, अजगर, पतंग... बहुतेक सगळे निसर्गातलेच. आज त्यातले दोघे घेऊ, मासा आणि समुद्र. आणि थोडं स्वतःबद्दलही लिहितो. आजपर्यंत टाळत आलो होतो.

चार वर्षांपूर्वी मी रोज प्यायचो. रात्रीचे सपोर्ट कॉल, डेडलाइन, झोप नाही. आधी फक्त शनिवारी, मग 'झोप यावी म्हणून' रोज. लालबागच्या आमच्या छोट्या खोलीत लपवणार तरी काय? आईला सगळं कळत होतं. एका एकादशीला मी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि ठरवलं, आजपासून बंद. कोणाला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, दरदरून घाम यायला लागला. तिसऱ्या रात्री भिंतीवर नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. आईने शेजारच्या काकांना हाक मारली आणि दोघांनी मला टॅक्सीत घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टर म्हणाले, "रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली."

मला राग आला होता. देवाचाच. माळ घातली, नाम घेतलं, तरी हे?

आता अध्यायातला मासा बघा. गळाच्या आमिषापायी तो जीव गमावतो, एवढं आपल्याला माहीत असतं. पण अवधूत पुढे जे सांगतो, ते मी कितीदा वाचूनही सोडून देत होतो. उपास केला की बाकीची इंद्रियं थंडावतात, पण जिभेची ओढ उलट वाढते! म्हणजे नुसतं 'बंद' म्हटल्याने ओढ संपत नाही, आधी ती जास्तच जोर करते. मग पहिल्या आठवड्यात प्यावंसं वाटलं म्हणजे माझी भक्ती खोटी, असं कसं होईल?

घरी आल्यावर संध्याकाळ सगळ्यात अवघड जायची. काका मला दादर चौपाटीवर घेऊन जायचे. काका गिरणीतले. १९८२ च्या संपानंतर कितीतरी सोबती दारूत बुडताना त्यांनी पाहिलेले, त्यामुळे उपदेश कधी केला नाही. एकदा मी म्हटलं, "काका, आता नाही राहवत." समुद्राकडे बघतच ते म्हणाले, "भरती आहे पोरा. उतरेल. बस इथेच."

भरती साधारण सहा तास चढते, मग ओहोटी लागते. पाणी कोणी ढकलून मागे नेत नाही. अॅलन मार्लट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व्यसनमुक्तीसाठी अशीच उपमा वापरली. तल्लफ म्हणजे लाट. ती चढते, टोकाला जाते, उतरते. तिच्याशी भांडायचं नाही, तिला शरणही जायचं नाही. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत तिचा जोर ओसरतो.

आणि अवधूताचा समुद्र? पावसाळ्यात नद्या येऊन मिळाल्या म्हणून तो फुगत नाही, उन्हाळ्यात आटत नाही. उसळतो तो काठ, खोलवर शांतच असतं. आपलं मनही तसंच. वर तल्लफ, उदासी, भीती, आणि खोलवर नारायण. पूर्वी मी लाट थांबवायला नाम घ्यायचो. आता लाट उतरेपर्यंत धरून राहायला घेतो.

सात महिन्यांनी मी एकदा घसरलोही. पण भरती दुसऱ्या दिवशी पुन्हा येतेच, साधारण पन्नास मिनिटं उशिरा. म्हणून समुद्र हरला असं कोणी म्हणतं का? त्या वेळी लपवलं नाही, सकाळी आईला सांगितलं आणि डॉक्टरांकडे गेलो.

खरं तर चोवीस गुरूंचा धडा हाच आहे. माशाकडूनही शिकायला तयार असलेला माणूस 'मी एकटा सांभाळेन' असं म्हणेल का? मला माळेचा नाही, तर 'मी एकटा' या अहंकाराचा त्रास झाला. माझा पंचविसावा गुरू डॉक्टर, आणि सव्विसावे काका.

तुमच्यापैकी कोणी आज तिथे असेल, तर एकट्याने लढू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. फोन करणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नाही.

आजची साधना: संध्याकाळी अर्धा तास पाण्याजवळ किंवा एखाद्या झाडाखाली बसा. फोन घरी ठेवा. मनात जे उसळेल ते येऊ द्या, नाम चालू ठेवा. आणि जमलं तर कोणाला तरी सोबत न्या. कदाचित त्यालाच तुमची गरज असेल.

राम कृष्ण हरी!