घसरणाऱ्या गाडीचा कर्ता कोण?

डांबरी ट्रॅकवर सगळ्यांना मागे टाकणारा खेळाडू रेसिंग गेममध्ये पहिल्यांदा बर्फावर उतरतो, दोन वळणांत झाडाला भिडतो आणि तिसऱ्या वळणाआधी निकाल देऊन मोकळा होतो: गेमचं हँडलिंगच बेकार आहे. बाजूला आपल्या पाळीची वाट बघणारा मित्र म्हणतो, गाडी ठीक आहे रे, तुलाच चालवता येत नाही. तिसरा कंट्रोलर हातात घेऊन दोनदा हलवतो आणि स्टिक गेल्याचं जाहीर करतो. घाटकोपर असो, मुलुंड असो की बोरिवली, ही तीन मतं ठरलेली. रस्त्याचं नाव कोणीच घेत नाही. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्यांनी रस्त्याला निर्दोष सोडावं, ही तर कमालच.

एखादी गोष्ट घडली की ती नेमकी केली कोणी, हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानात फार जुना आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक त्याचं उत्तर चक्क यादी करून देतो. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवं दैव. सोळाव्या श्लोकात त्यावर शेरा येतो की, असं असूनही जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसतच नाही. शंकराचार्यांनी इथल्या अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा लावला. परंपरेनुसार १२९० मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण करणाऱ्या ज्ञानदेवांनीही देहच धरला. पण कर्म ज्याच्या आधारावर उभं राहतं ते अधिष्ठान, एवढाच गाभा घेतला तर ही यादी गाडीलाही लावता येते. खालची जमीन, चालवणारा, चाकं-ब्रेक-स्टिअरिंग, बोटांच्या हालचाली आणि कोणाच्याच हिशेबात नसलेला वाटेतला एक दगड. गेममधली माती आणि बर्फ गेल्या तीस वर्षांत सुधारत गेले, ते या यादीतल्या पहिल्या कारणाला त्याचा वाटा हळूहळू परत मिळत गेला म्हणून.

१९९५ साली आर्केडमध्ये आलेला ‘सेगा रॅली’ हा डांबर आणि माती यांची पकड वेगवेगळी ठेवणाऱ्या पहिल्या काही गेमपैकी एक. तोवर बहुतेक गेममध्ये रस्त्याबाहेरची माती म्हणजे गाडीचा वेग कापणारी शिक्षा असे. १९९८ च्या ‘कॉलिन मॅक्रे रॅली’ने माती, खडी आणि बर्फ हाच खेळ केला, आणि २००४ च्या ‘रिचर्ड बर्न्स रॅली’ने तो इतका कठीण केला की आजही त्याचे चाहते त्यात नवे रस्ते आणि नव्या गाड्या घालत बसलेले असतात.

या सगळ्यामागे टायरचं गणित आहे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातले हान्स पासेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात टायरच्या पकडीचं एक सूत्र मांडलं. ते ‘मॅजिक फॉर्म्युला’ या नावानेच ओळखलं जातं. टायर जितका घसरतो तितकी पकड आधी वाढते, एका टोकाला पोहोचते आणि मग उतरते, हे त्याचं सार. कोरड्या डांबरावर हे टोक टोकदार असतं. चाकाचं तोंड आणि चाकाची प्रत्यक्ष दिशा यांच्यात दहा अंशांच्या आसपास कोन झाला की पकड सुटू लागते. खडीवर टोक असं राहतच नाही. टायर आडवा होत जातो, तशी त्याच्यापुढे खडी साचते आणि तीच त्याला अडवते. त्यामुळे गाडी बरीच आडवी होऊनही पकड टिकते. घर्षणाचा गुणांक कोरड्या डांबरावर साधारण ०.८ ते १, सुट्या खडीवर ०.५ ते ०.६, दाबलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ आणि पाणी गोठून झालेल्या कडक बर्फावर ०.१ च्या आसपास असतो. निष्काळजीपणे बनवलेल्या गेममध्ये हा एकच आकडा कमी केलेला असतो. मग माती ही फक्त गुळगुळीत झालेलं डांबर वाटते आणि खेळाडूची तक्रार रास्त ठरते. नीट बनवलेल्या गेममध्ये आलेखाचा आकारच बदलतो.

उपनगरातला मुलगा फसतो तो इथे. बर्फ त्याला फार तर मॉलमधल्या बर्फघरात भाड्याचा कोट चढवून भेटलेला असतो. पण जूनमधला पहिला पाऊस त्याच्या चांगला ओळखीचा असतो. महिनोन्‌महिने रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ त्या पहिल्या सरीत वर येतात आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर दुचाक्या एकामागून एक आडव्या होतात. त्या सकाळी पेव्हर ब्लॉकवरून वळणारा रिक्षावाला ब्रेकला पाय लावायच्या आधीच वेग उतरवतो, हँडल झटक्याने फिरवत नाही आणि आपण काही विशेष केलं असं त्याला वाटतही नाही. रिक्षाची तीन चाकं तीच, चालवणारा तोच; बदललेली असते ती जमीन, आणि कर्म आपोआप बदलतं.

गेममध्ये सेटिंग बदलताना अनुभवी खेळाडू हेच करतात. मातीसाठी गाडी जमिनीपासून उंच करतात, स्प्रिंग आणि अँटी-रोल बार मऊ करतात, म्हणजे चाक खाचखळग्यांना चिकटून राहतं. गिअर आखूड करतात, कारण वळणातून बाहेर पडताना कमी वेगातही ओढ लागते. ब्रेकचा जोर थोडा मागे सरकवतात, म्हणजे वळणात शिरताना मागचा भाग फिरायला मदत होते. बर्फावर अरुंद, खिळे लावलेले टायर चढवतात. ते मऊ थर कापून खालच्या घट्ट थरात रुततात. कंट्रोलरवर खेळत असतील तर स्टिकची सुरुवातीची हालचाल मंद ठेवतात, कारण बर्फावर अंगठ्याची अर्धी चूकही पूर्ण चूक ठरते.

या यादीतला जवळपास प्रत्येक बदल काहीतरी सैल करण्याचा आहे. कठोपनिषदातलं प्रसिद्ध रथाचं रूपक याच्याशेजारी ठेवलं की गंमत होते. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. आणि विषय? ते घोड्यांचे रस्ते. उपनिषदाने रस्ता वगळलेला नाही. तरी त्यावर आधारलेली पुढची प्रवचनं बहुतेक लगामावरच थांबली, आणि लगाम म्हणजे आवळणं असा समज रुजला. खडीवर आवळण्याचा परिणाम उलटा होतो. भीतीने ब्रेक गच्च दाबला की चाकं जाम होतात, त्यांच्यापुढे खडीचा ढीग साचून गाडी थांबेलही, पण थांबेपर्यंत ती वळणार नाही. उलट वळणाआधी ब्रेक हलकेच टेकवला तर वजन पुढच्या चाकांवर येतं, ती जमिनीत रुततात आणि गाडी वळते. स्कँडिनेव्हियातल्या रॅलीचालकांची तर रीतच आहे की, डावीकडे वळायचं असेल तर आधी क्षणभर उजवीकडे वळायचं आणि वजनाच्या झोक्यावर गाडी आडवी टाकायची. हाही संयमच आहे, फक्त तो जमिनीला विचारून केलेला आहे.

बुद्धाने सोण या भिक्षूला दिलेला सल्लाही असाच. तळपायातून रक्त येईपर्यंत चालत साधना करणाऱ्या सोणाला त्याने वीणेबद्दल विचारलं. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी नाही. सस्पेन्शनची सेटिंग तासभर खालीवर करणाऱ्या खेळाडूला हे वेगळं सांगावं लागत नाही.

बौद्धांनी यापुढे आणखी एक पाऊल टाकलं, आणि बोरिवलीकरांना ते फार लांबचं वाटायला नको. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी सुमारे हजार वर्षं भिक्षूंनी गजबजलेली होती. कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची दानं तिथल्या शिलालेखांत नोंदलेली आहेत. ज्या परंपरेतले हे भिक्षू होते, तिच्यात ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ येतो. त्यात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद रथातून येतो आणि भिक्षू नागसेन त्याला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? जू? सगळ्यांना नाही म्हटल्यावर रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नाव उरतं, आणि नागसेन म्हणजे कोण याचंही तसंच. गेममधली गाडी या कसोटीला तंतोतंत उतरते. वजन, गुरुत्वमध्य, स्प्रिंगचा ताठरपणा, डिफरन्शियलची पकड अशा आकड्यांची ती एक फाईल असते. ‘हँडलिंग’ नावाचा आकडा त्या फाईलमध्ये सापडत नाही. आकडे आणि जमीन एकत्र येतात, तेवढ्यापुरतंच ते घडतं. २००७ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट २’मध्ये ही जुळणी सेकंदाला ३६० वेळा नव्याने मोजली जात होती.

त्याच भिक्षूसंघाची चिखलाबद्दलची भूमिकाही लक्षात घेण्यासारखी आहे. पावसाळ्यात फिरणारे भिक्षू कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवतात अशी लोकांची तक्रार आली, तेव्हा वर्षावासाचा नियम झाला. ओल्या जमिनीवर कसं चालावं याचं उत्तर त्यांनी न चालण्यात शोधलं.

जमीन कारण असेल, तर ती तशी कोणी केली हा पुढचा प्रश्न. २००७ च्या ‘सेगा रॅली’ने गाड्यांच्या चाकांनी रस्त्यात खऱ्या चाकोऱ्या पडू दिल्या. २०१९ च्या ‘डर्ट रॅली २.०’मध्ये तुम्ही उशिरा सुटलात की आधीच्या गाड्यांनी उखडलेला रस्ता तुमच्या वाट्याला येतो. खऱ्या जागतिक रॅलीतही खडीवर पहिल्या गाडीला सुटी खडी झाडत जावं लागतं आणि मागच्यांना साफ वाट मिळते. ज्याचं कर्म त्याला, या हिशेबात हे बसत नाही. इथे एकाच्या कर्माने दुसऱ्याची जमीन घडते. गीतेच्या यादीतलं पाचवं कारण, दैव, परंपरेत बरेचदा आपल्याच मागच्या जन्माच्या खात्यावर टाकलं जातं. चाकोरीत अडकलेल्या खेळाडूचं दैव मात्र दहा मिनिटं आधी गेलेल्या अनोळखी माणसाने लिहिलेलं असतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. कर्तेपण पाच जणांत वाटलं तर दारू पिऊन गाडी चालवणाराही म्हणेल, मी पाचातला एक. शिवाय गेममध्ये चूक पुसता येते. २००८ च्या ‘ग्रिड’ने काही सेकंद मागे नेणारं बटण दिलं, आणि त्याच कंपनीने २०१५ च्या ‘डर्ट रॅली’त ते जाणूनबुजून काढून घेतलं, कारण परत न फिरणाऱ्या वळणाशिवाय रॅलीला अर्थ उरत नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर असं बटण कधीच नव्हतं. २०१५ च्या जुलैमध्ये तिथे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दुचाकी आदळून अंधेरीचे भाजीविक्रेते दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर बिल्होरे स्वतः खडी आणि पेव्हर ब्लॉकचे तुकडे घेऊन उपनगरातले खड्डे बुजवू लागले. शेकडो खड्डे त्यांनी भरले.

दैव म्हणून सोडून देण्याची मुभा त्यांना कोणीही दिली असती. त्यांनी अधिष्ठानाला हात घातला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तीच दिशा धरली: खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई, आणि ती रक्कम पुढे जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करायची. म्हणजे पाच कारणांची यादी जबाबदारी विरघळवत नाही. एका माणसाच्या डोक्यावर टाकून बाकीचे मोकळे होत होते, त्यांना ती परत रांगेत उभं करते. दारू प्यालेला त्या रांगेत राहतोच. त्याच्या शेजारी खड्डा ठेवणाराही येतो.

गेमच्या रांगेत एक सहावा उभा असतो: कोड लिहिणारा. ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात राहून, यंत्रावर बसवल्यासारखं त्यांना फिरवतो, असं गीतेच्या याच अध्यायात, एकसष्टाव्या श्लोकात म्हटलं आहे. रेसिंग गेमचं याहून नेमकं वर्णन सापडणं कठीण. पडद्यामागे गुपचूप मदतही चालू असते. अनेक गेममध्ये खेळाडू मागे पडला की पुढच्या गाड्या हळू होतात. पण दोनच श्लोक पुढे कृष्ण अर्जुनाला सांगतो की या सगळ्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. यंत्रारूढ माणसाला निवड कशी असेल, यावर भाष्यकारांचे वाद शतकानुशतकं चालू आहेत. गेम हा वाद सोडवत नाही, पण त्याने या वादाला मेन्यूत एक ओळ दिली आहे. स्टॅबिलिटी कंट्रोल सुरू ठेवलं तर कोड गाडी सरळ ठेवायला धावतो आणि मातीवर ती कधी मनासारखी आडवी होत नाही. बंद केलं तर पहिला आठवडा झाडांमध्ये जातो, आणि ही ओळ बदलायची की नाही हे मात्र कोड खेळाडूच्या वतीने ठरवत नाही.