दान आणि देणे



'दान' आणि 'देणे' हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. दोन्हींत एक हात पुढे होतो आणि दुसऱ्या हातात काही तरी पडते. पण बोलताना आपण त्यांची गल्लत कधीच करीत नाही. वाण्याचे देणे फेडले म्हणून कोणी आपल्याला दानशूर म्हणत नाही. देणे थकते, दान थकत नाही. दान केल्यावर समोरचा आपले आभार मानतो; देणे फेडल्यावर आभार कसले, आपणच सुटलो म्हणतो.

आता प्रश्न असा की गरिबाला आपण जे देतो त्यातले दान किती आणि देणे किती?

हा प्रश्न शब्दांचा खेळ म्हणून आम्ही मांडत नाही. आपल्या धर्मग्रामात वर्षभर गरिबांसाठी काही ना काही चालू असते. तांदूळ, कडधान्य, औषधे, शाळेची फी, आजाऱ्यांच्या भेटी, नाताळात गरजू कुटुंबांना फराळ आणि कपडे. दानपेटीत पैसे टाकणारे टाकतात, वेळ देणारे वेळ देतात. हे सारे चांगले आहे. तरीही मिस्सा आटोपून घरी गेल्यावर आपण भांडी घासणाऱ्या बाईशी, वाडीतल्या मजुराशी, दुकानातल्या पोऱ्याशी जो व्यवहार करतो, तो या दानाच्या हिशेबात येतो की नाही, याचा विचार सहसा होत नाही. तो आज करू या.

जक्कयाचे दोन भाग

संत लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बुटका जकातदार उंबराच्या झाडावर चढतो, प्रभू येशू त्याच्या घरी उतरतो, आणि जक्कय उभा राहून आपला निर्णय सांगतो. या निर्णयाचे दोन भाग आहेत, आणि ते आपण बहुधा एकच समजतो. पहिला भाग: अर्धी मालमत्ता गरिबांना. दुसरा भाग: ज्यांना फसवून घेतले असेल त्यांना चौपट परत.

पहिले दान आहे, दुसरे देणे आहे. जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना वाटली आणि फसवलेल्यांचा हिशेब मात्र तसाच ठेवला, असे झाले नाही. तो चौपट म्हणतो तेही लक्षात घेण्यासारखे आहे. निर्गम ग्रंथातील नियमाप्रमाणे जो मेंढरू चोरून मारील किंवा विकील त्याने एकाच्या बदल्यात चार भरून द्यावीत. म्हणजे जक्कय स्वतःला दाता म्हणवून घेत नाही. चोराला लागू होणारा दंड तो आपणहून भरतो. आणि प्रभू त्याच्या घराला आज तारण प्राप्त झाल्याचे जाहीर करतो ते हे दोन्ही भाग ऐकल्यानंतर.

जुन्या करारातही हाच धागा आहे. लेवीय ग्रंथ शेतकऱ्याला सांगतो की शेत अगदी कडेपर्यंत कापू नकोस, खाली पडलेली कणसे वेचू नकोस. ती गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेव. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली ती याच नियमाच्या आधाराने. पीक आपण काढले, घाम आपण गाळला, तरी त्या कडा आपल्या नाहीत. मजुरीबद्दलचा नियम तर अगदी रोखठोक आहे: मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी त्याच्या हाती पडली पाहिजे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. आणि अडकवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे याकोबाच्या पत्रात सांगितले आहे.

'तिने स्वतःच कबूल केले होते'

येथे एक आक्षेप येतो. 'आम्ही कोणाला फसवत नाही. जो पगार ठरला तो महिन्याच्या महिन्याला देतो. तिला परवडत नव्हते तर तिने काम धरले कशाला?'

या प्रश्नाला ख्रिस्तसभेने फार पूर्वी उत्तर दिले आहे. पोप लिओ तेरावे यांनी 15 मे 1891 रोजी कामगारांच्या स्थितीविषयी 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र लिहिले. त्या काळी गिरण्यांचे मालकही हेच म्हणत होते: कामगाराने करार केला, आम्ही कराराप्रमाणे पैसे दिले, आमचे कर्तव्य संपले. पोप महोदयांनी हे मानले नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा उदरनिर्वाह होईल इतका पगार हा कोणत्याही कराराच्या आधीचा हक्क आहे, आणि गरजेपोटी किंवा अधिक वाईट घडेल या भीतीपोटी माणसाने कमी पैशाला होकार दिला तर तो अन्यायाचा बळी आहे, असे त्यांनी शिकवले. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याचा होकार आणि ज्याचे पोट भरलेले आहे त्याचा होकार यांचे वजन सारखे नसते. 2025 च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोप महोदयांनी 'लिओ' हे नाव घेतले, तेव्हा त्यांनी याच शिकवणीचा उल्लेख केला होता.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात आपला आजचा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत आला आहे. आधी न्यायाची मागणी पुरी करावी. जे न्यायाने देणे लागतो ते प्रेमाची भेट म्हणून पुढे करू नये, असा तेथील आशय आहे. परिषद आणखी एक गोष्ट सांगते: नुसत्या दुष्परिणामांवर उपाय करून भागत नाही, कारणेही दूर केली पाहिजेत, आणि मदत अशी असावी की घेणारा हळूहळू स्वतःच्या पायांवर उभा राहील.

मग दान कशाला?

कोणी म्हणेल, सगळेच जर देणे असेल तर दानाला जागा कोठे उरली? हा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर आपल्याला संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या कामात दिसते. पॅरिसमध्ये 1833 साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी ती सुरू केली. ओझानाम तेव्हा केवळ 20 वर्षांचे विद्यार्थी होते. सिस्टर रोझाली रेंदू यांनी या तरुणांना गरिबांच्या घरी जायला शिकवले. त्यांनी गरिबांना आपल्या दारी रांगेत उभे केले नाही, स्वतः त्यांचे जिने चढले. तेथे बसल्यावर, बोलल्यावर त्यांना गरिबी आतून दिसली. पुढे प्राध्यापक झाल्यावर ओझानाम मजुरी आणि श्रम यांच्याविषयी बोलू लागले. घरभेटीनेच त्यांना न्यायाच्या प्रश्नापर्यंत नेले. 1997 मध्ये त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही आपल्या 2005 सालच्या पहिल्या विश्वपत्रात सांगितले की समाज कितीही न्यायी झाला तरी प्रेमाची गरज संपणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला पेन्शन मिळणे हा न्याय आहे. पण त्याच्या खाटेशेजारी तासभर बसायला पेन्शन येत नाही, माणूस यावा लागतो. तेथे दान सुरू होते. म्हणजे दान देण्याच्या जागी येऊ शकत नाही, ते देणे फेडल्यानंतर पुढे चालू लागते. देणे थकवून केलेले दान म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने केलेले पुण्य.

सात जणांची निवड

दान आणि न्याय हातात हात घालून कसे चालतात हे आरंभीच्या ख्रिस्तसभेने दाखवून दिले आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत असल्याची तक्रार आली. तक्रार अन्नाची होती. प्रेषितांनी काय केले? तक्रार करणाऱ्यांना कृतघ्न म्हटले नाही. त्या विधवांना चार भाकऱ्या जास्त देऊन प्रकरण मिटवले नाही. सगळ्यांना एकत्र बोलावले आणि वाटपाची व्यवस्थाच बदलली. सात जण निवडले. स्तेफन, फिलिप आणि इतर, सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्या बाजूची माणसे बहुधा व्यवस्थेत आली.

आपल्याकडे मदत घेणारी कुटुंबे आहेत. वाटप कसे व्हावे, केव्हा व्हावे, त्यांना नेमके काय हवे, हे त्यांना विचारणारा मंच आहे का? मदत घेणाऱ्याचे नाव आणि छायाचित्र फलकावर यावे असे त्याला वाटते का? ही विचारपूस करायला निधी लागत नाही.

न्यायाची किंमत

धान्य वाटणाऱ्याला कोणी सहसा विरोध करीत नाही. धान्य का वाटावे लागते असे विचारले की वातावरण बदलते. केरळातून आलेल्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशातील उदयनगर परिसरात आदिवासी शेतकरी आणि भूमिहीन मजुरांमध्ये काम करीत होत्या. त्यांनी लोकांना बचतगट बांधायला, बँकेतून कर्ज मिळवायला, सरकारी योजनांतील आपला हक्क मागायला शिकवले. लोक सावकाराच्या विळख्यातून सुटू लागले, आणि ज्यांचे हितसंबंध दुखावले त्यांना ते सहन झाले नाही. 25 फेब्रुवारी 1995 रोजी चालत्या बसमधील प्रवासात त्यांना भोसकून मारण्यात आले. वय 41 वर्षे. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टर, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. न्यायासाठी झगडणाऱ्याच्या मनात द्वेषच असतो असे मानणाऱ्यांनी ही राखी आठवावी.

आपल्या वसईला याचे वेगळे उदाहरण सांगायला नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या आंदोलनात पाणी, झाडे आणि शेतजमीन यांच्यासाठी आवाज उठवला, तेव्हा 'धर्मगुरूंनी यात पडू नये' असे म्हणणारेही होते. 2024 साली फादर आपल्यातून गेले. त्यांचा प्रश्न गेलेला नाही.

घरापासून

पण हे सगळे मोठ्या माणसांचे झाले. आपल्या वाट्याला येणारा न्याय लहान आहे, आणि म्हणून टाळायला सोपा आहे. घरकाम करणाऱ्या बाईचे उदाहरण घ्या. सिस्टर जीन देवोस या बेल्जियमहून आलेल्या धर्मभगिनीने 1985 साली घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली, आणि अशा अनेक संघटनांच्या रेट्यानंतर महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. कायद्याने नोंदणी आणि कल्याणाची वाट काढून दिली. तरी तिला आठवड्याची सुट्टी द्यायची की नाही, आजारपणातील खाडा कापायचा की नाही, हे बहुतेक घरी आपल्या मर्जीवर चालते. नाताळात तिला साडी दिली, ते दान. तापाने पडली त्या चार दिवसांचा पगार कापला नाही, ते देणे. आपल्याला पहिले सांगायला आवडते, कारण त्यात आपण मोठे दिसतो. दुसऱ्यात आपण फक्त बरोबरीचे दिसतो.

यातून धर्मग्रामही सुटत नाही. 1971 साली रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या सिनडने स्पष्ट केले की जो न्यायाविषयी बोलू धजतो त्याने आधी लोकांच्या नजरेत न्यायी असले पाहिजे, आणि ख्रिस्तसभेची सेवा करणाऱ्या कामगारांचा पगार व हक्क यांचाही तेथे उल्लेख केला. चर्चचा आवार झाडणारा, स्वयंपाक करणारी, दफनभूमीत खड्डा खणणारा, यांची वेतने काय आहेत हे पॅरिश कौन्सिलने आणि आपण सर्वांनी विचारावे. ते विचारणे म्हणजे धर्मगुरूंचा अपमान नव्हे.

काही कुटुंबांची स्वतःचीच ओढाताण असते हे आम्ही जाणतो. त्यांना अधिक देता येत नसेल, तर कमी वेळाचे काम सांगता येते, वेळेवर पैसे देता येतात, ताटभेद आणि कपभेद थांबवता येतो. न्यायाची सुरुवात खिशातूनच होते असे नाही.

या आठवड्यात संध्याकाळच्या रोझरीनंतर घरातल्यांनी एकत्र बसून चार प्रश्नांचा विचार करावा, अशी विनंती आहे:

1. आपल्या घरासाठी, शेतासाठी, दुकानासाठी कोण कोण राबतात? त्यांची पूर्ण नावे आपल्याला ठाऊक आहेत का?
2. त्यांचा पगार शेवटचा केव्हा वाढला, आणि तेव्हापासून आपल्या घरचा बाजारखर्च किती वाढला?
3. कोणाचे काही देणे आपल्याकडे थकले आहे का?
4. ते फेडल्यावर दानासाठी आपल्याकडे काय उरते: पैसा, वेळ की दोन्ही?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर घेऊन सेवेसाठी पुढे या. तिसऱ्याचे उत्तर मात्र आम्हाला सांगायची गरज नाही. ज्याचे आहे त्याच्या हाती ते सूर्य मावळण्याआधी पोहोचवा. ज्या प्रभूने जक्कयाला झाडावरून खाली बोलावले, तो आपल्याही घरी उतरो.