आधी सोबती कुठे आहे ते बघ

गेल्या गणपतीत मांडवीला घरी पोचलो, बॅग ओटीवर ठेवली, आणि धाकट्या चुलतभावाने पाण्याचा तांब्याही हातात न देता जाहीर केलं, "दादा, यावेळी हेलडायव्हर्स शिकवायचं." पुण्यात नवा पीसी घेतला तेव्हा जुना मी घरी आणून ठेवला होता. ग्राफिक्स सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवून त्याने त्यावर गेम चालू करून दाखवला. मी लॅपटॉप उघडला. बाहेर पाऊस, आत मखराचे दिवे, आणि माजघरात आम्ही दोघं परग्रहावर.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'हेलडायव्हर्स २' हा स्वीडनच्या ॲरोहेड स्टुडिओचा गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. जास्तीत जास्त चार जणांची तुकडी एखाद्या ग्रहावर उतरते. समोर महाकाय किडे, यंत्रमानव असे शत्रू असतात. दिलेलं काम उरकायचं आणि न्यायला यान येईपर्यंत तग धरायचा. पबजी आणि बीजीएमआयवर वाढलेल्या आपल्या पिढीला शंभर जणांना मागे टाकून शेवटपर्यंत उरायची सवय आहे. इथे आपल्या विरुद्ध खेळणारा दुसरा माणूसच नाही. जी माणसं आहेत ती सगळी आपल्याच बाजूची. तरीही नवा खेळाडू पहिल्या दिवशी किड्यांच्या इतकाच सोबत्यांच्या हातून मरतो, कारण आपली गोळी आपल्या माणसाला लागते आणि ते बंद करायची सोय गेममध्ये ठेवलेलीच नाही.

म्हणून मी भावाला सांगितलेल्या टिपा नेम कसा धरायचा याच्या नव्हत्या.

पहिली टीप: शत्रू दिसला की लगेच ट्रिगर दाबू नकोस, आधी सोबती कुठे आहे ते बघ. नकाशावर एक नजर टाक. तू पुढे असशील तर खाली बस किंवा सरळ आडवा हो, म्हणजे मागच्याला तुझ्या डोक्यावरून गोळ्या झाडता येतील.

दुसरी: मदत किंवा हल्ला मागवायचा तर बाणांचा एक कोड दाबून हातातला गोळा फेकायचा असतो. तो पडेल तिथे प्रकाशाचा खांब उभा राहतो. खांब निळा असेल तर आपल्यासाठी काहीतरी येतंय. लाल असेल तर पळ, काय येतंय ते विचारत बसू नकोस. आणि निळ्याखालीही उभा राहू नकोस, वरून येणारी पेटी डोक्यात पडूनही माणूस मरतो.

तिसरी: दारूगोळा मागवला की एका वेळी चार वाटे येतात. त्यातला एक तुझा. तुझी बंदूक रिकामी असली तरी एकच.

चौथी: कोणी मेला तर वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर. हा कोड पाठ कर. मेलेला सोबती त्याने परत येतो. चौघांची तुकडी असेल तर अशा परत येण्यांची शिल्लक सगळ्यांत मिळून वीस असते. म्हणजे तू एकदा उगाच मेलास तर ते सगळ्यांच्या खात्यातून जातं.

पाचवी: वाटेत सॅम्पल दिसली तर उचल. कोणीही उचलून यानापर्यंत नेली तरी ती चौघांनाही सारखीच मिळतात.

ही शेवटची गोष्ट त्याला खटकेल असं मला वाटलं होतं. लढला एक आणि मिळालं चौघांना, असं का? पण कोकणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटत नाही. होडीतून अर्धगोल जाळं टाकतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. ज्याचं जाळं त्याचा वाटा मोठा असेल, पण ज्याने दोराला हात लावला त्याला काहीतरी मासळी मिळतेच. तुझ्या हातात जोर किती होता, हे कोणी मोजत नाही. भाऊ म्हणाला, "म्हणजे मी काहीच केलं नाही तरी चालेल?" मी म्हटलं, "दोर तर धर."

तिसऱ्या मोहिमेत ते घडलं. किड्यांचा लोंढा टेकडीवरून खाली येत होता. मी कोड दाबला आणि लाल गोळा फेकला. पाचशे किलोचा बॉम्ब. भाऊ तिकडेच एका किड्यामागे धावत होता. मला तो दिसत होता. तो वळेल, पळेल, असं काहीतरी मनात आलं असावं. पडदा पांढरा झाला, लोंढा संपला आणि भाऊही. शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, "सॉरी दादा, मी मध्ये आलो."

मी कोड दाबून त्याला परत बोलावला आणि आम्ही पुढे खेळलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तो मध्ये आला नव्हता. तो आधीपासून तिथेच होता. बॉम्ब मी टाकला होता. त्याचा स्फोट किती लांब पोचतो हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. मग माफी त्याने का मागितली? आणि मी ती गुपचूप घेतली कशी?

मोहीम संपल्यावर गेम बरेच आकडे दाखवतो. किती गोळ्या झाडल्या, किती लागल्या, सोबत्यांना किती इजा केली. कोणाला काय ठाऊक होतं, हे मात्र त्या तक्त्यात कुठेच नसतं.

त्या रात्री मला आणखी दोन गोष्टी आठवल्या.

पहिली गेममधलीच. पुण्यात एका रात्री अनोळखी लोकांबरोबर खेळत होतो. मोहीम माझ्या जहाजावरून निघालेली, त्यामुळे कोणालाही बाहेर काढायचा अधिकार माझ्याकडे. एक अगदी नवखा खेळाडू आला. मी मॉर्टर लावली. ही तोफ आपोआप चालते आणि शत्रू जिथे असेल तिथे गोळे टाकते, मग त्याच्याजवळ आपला माणूस का असेना. तो नवखा किड्यांना अगदी जवळ जाऊन मारायचा आणि माझ्या मॉर्टरखाली मरायचा. असं तीनदा झालं. तीनदा आमची शिल्लक कमी झाली. मी त्याला काढून टाकला. एक बटण. तेव्हा मी स्वतःला सांगितलं, की याला खेळता येत नाही.

दुसरी गोष्ट ऑफिसातली. आमच्या कामात कोणाचाही कोड दुसऱ्या माणसाने वाचून मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही. नुकत्याच लागलेल्या एका मुलाने मोठा बदल करून माझ्याकडे पाठवला. शुक्रवारची संध्याकाळ होती. मी वरपासून खालपर्यंत नुसता स्क्रोल केला आणि मंजूर केला. सोमवारी कळलं, की काही ग्राहकांना एकच बिल दोनदा गेलंय. मीटिंगमध्ये तो मुलगा म्हणाला, "सॉरी, माझी चूक." मी लॅपटॉपकडे बघत बसलो. मंजुरी कोणाची होती हे कोणी विचारलं नाही. माझं नाव तिथेच होतं, बारीक अक्षरात.

बर्नार्ड विल्यम्स नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७६ साली नैतिक नशिबावर एक निबंध लिहिला. त्यात एक ट्रकवाला आहे. त्याची काही चूक नसताना एक मूल त्याच्या ट्रकखाली येतं. बघणाऱ्या सगळ्यांनाच वाईट वाटतं, पण ट्रकवाल्याला वाटतं ते निराळं असतं, कारण ट्रक त्याच्या हातात होता. आपण त्याला म्हणतो, "तुझा काही दोष नाही," आणि ते खरंही असतं. पण तो लगेच "हो, माझा काय संबंध" म्हणून मोकळा झाला, तर आपल्यालाच कसंतरी वाटेल. विल्यम्सचं म्हणणं असं, की दोष नसतानाही खंत असू शकते आणि ती असण्यात माणूसपण आहे.

मी मात्र तो ट्रकवाला नव्हतो. त्याला मूल दिसलं नव्हतं, मला भाऊ दिसत होता. मुद्दाम केलेली इजा एका टोकाला आणि निखळ अपघात दुसऱ्या टोकाला धरला, तर मध्ये खूप मोठी जागा उरते. ज्याला बघता आलं असतं पण ज्याने बघितलं नाही, तो त्या जागेत बसतो. बॉम्ब, मॉर्टर आणि तो शुक्रवार, हे तिन्ही तिथलेच. तिन्ही वेळा मला जास्त माहीत होतं, आणि तिन्ही वेळा किंमत मोजली ती कमी माहीत असलेल्याने. त्यातल्या दोघांनी वर माझी माफी मागितली. तिसऱ्याला मी तेवढी संधीही दिली नाही.

सहकार्य म्हणजे सगळं सारखं, असं मला आधी वाटायचं. सॅम्पल सारखी, वाटे सारखे, म्हणून जबाबदारीही सारखी. आता मला वाटतं, की वाटे सारखे असावेतच, पण जबाबदारी तशी वाटली जात नाही. ती माहितीबरोबर वाढते. नवख्याला वाटतं, की आपल्याला माहीत नाही हाच आपला गुन्हा, म्हणून तो सॉरी म्हणतो. जाणत्याला ते सोयीचं पडतं.

यावर दोन आक्षेप निघतात. एक म्हणजे, गेमच तर आहे. मेला तो परत येतो. खरं आहे, आणि गेम स्वतःच त्याची टर उडवतो. त्यातल्या सैनिकाच्या जिवाला काही किंमत नाही, एक मेला की दुसरा पाठवतात, आणि वरून देशभक्तीची भाषणं चालू. पण हाताला सवय लागते ती अशाच ठिकाणी, जिथे चुकलं तरी फार काही बिघडत नाही. नवख्याला काढून टाकायचं बटण माझ्या बोटाला सरावाचं झालं होतं. मीटिंगमध्ये मी तेच दाबलं, नुसतं गप्प राहून. तिथे कोणाला परत बोलावायचा कोड नसतो.

दुसरा आक्षेप माझ्या भावानेच घेतला. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "काल चूक माझी होती, तू कशाला सॉरी म्हणालास?" तो जरा दुखावलाच. "म्हणजे मी लहान आहे म्हणून माझी काहीच चूक नाही?" हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. सगळा दोष स्वतःवर घेणं हाही समोरच्याला लहान ठरवायचाच प्रकार आहे, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. थोडा विचार करून मी म्हणालो, "काल नव्हती. आता लाल खांब म्हणजे काय ते तुला कळलंय. पुढच्या वेळी अर्धी तुझी." तो खूश झाला. टीप देणं म्हणजे काय, हे मला त्या वेळी नीट समजलं. माहिती देताना तिच्याबरोबरची जबाबदारीही आपण त्याच्या हातात ठेवतो. म्हणून सांगायच्या आधी दोषाचा हिशोब आपल्या नावावर, सांगितल्यानंतर दोघांच्या. आणि ज्याला आपण काही सांगितलंच नाही, त्याला दोष द्यायचा आपल्याला अधिकार नाही.

गौरी-गणपतीच्या विसर्जनाला आम्ही सगळे मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो. इथली वाळू काळी, आणि त्या दिवसांत समुद्र अजून खवळलेला असतो. आमच्याकडे विसर्जनाची एक रीत आहे, ती कोणी कधी शिकवलेली नाही. पाण्यात उतरल्यावर पोरं किनाऱ्याच्या बाजूला आणि ज्याला समुद्र कळतो तो खोल बाजूला. आमचे काका नेहमी तिकडे उभे राहतात, तोंड लाटांकडे, एक हात मागे पोरांकडे. त्या दिवशी एका लाटेने शेजारच्या छोट्याचे पाय उचलले. काकांनी त्याला दंडाला धरून वर काढला. पोराला नाका-तोंडात पाणी गेल्याने ठसका लागला होता, आणि त्यातच तो म्हणत होता, "चुकलो, चुकलो." काका म्हणाले, "तू नाही रे, माझी नजर हलली." घरी गेल्यावर पोराला आईचा ओरडा बसलाच, आणि तो बसायलाही हवा होता. पण पाण्यात असताना पहिलं वाक्य काकांचं होतं.

पुण्याला परतल्यावर मी मीटिंगमध्ये सांगितलं, की तो बदल मी न वाचता मंजूर केला होता. दोन महिने उलटून गेले होते. दोघा-तिघांनी मान हलवली आणि पुढचा विषय निघाला. नंतर चहाला तो मुलगा म्हणाला, "जाऊ दे ना, आता कोणाला आठवतंय." आणि पुढच्याच वाक्यात त्याने त्या सोमवारची तारीख सांगितली.

मॉर्टरखाली मेलेल्या त्या नवख्याचं नावही मला आठवत नाही. त्याच्याशी असलेला हिशोब तसाच राहणार. तेव्हापासून माझ्या तुकडीत कोणी नवा आला, की मॉर्टर लावायच्या आधी मी चॅटमध्ये दोन ओळी लिहितो. कधी कधी तेवढ्यात किडे येऊन मलाच खातात.

भाऊ आता अनोळखी लोकांबरोबर खेळतो. परवा रात्री त्याचा मेसेज आला: "दादा, आज एका नवख्याला उडवलं. मला दिसत होता तो. सॉरी टाइप केलं, मग लाल-निळ्याचं समजावलं. तेवढ्यात मीच मेलो. त्याने परत बोलावलं."