न मागता केलेली तपासणी आणि मनुष्यऋण

रोग्याने वैद्याकडे जावे आणि वैद्याने त्याला बरे करावे, या जुन्या व्यवहारात मागणी रोग्याची असते. परंतु रायगडच्या किनारपट्टीवरील एखाद्या कातकरी वाडीत आरोग्यपथक जाऊन क्षयासाठी थुंकी, सिकलसेलसाठी रक्त, कुष्ठरोगासाठी त्वचेवरचे बधिर चट्टे आणि मोठ्या माणसांचा रक्तदाब तपासू लागते, तेव्हा वाडीने ते मागितलेले नसते. ज्याने विचारलेच नाही, त्याच्या देहातील रोग शोधण्याचा अधिकार समाजाला कोठून मिळतो, हा प्रश्न वैद्यकाइतकाच धर्मविचाराचाही आहे.

रोग हे ज्याच्या त्याच्या पूर्वकर्माचे फळ मानले, तर हा अधिकार जवळजवळ उरतच नाही. चरकसंहितेला कर्मज व्याधी मान्य आहेत, तरीही विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, जेथे ‘जनपदोद्ध्वंस’ म्हणजे संपूर्ण प्रदेश उद्ध्वस्त करणाऱ्या रोगांचा विचार आला आहे, तेथे कारणपरंपरा निराळी मांडलेली आहे. वायू, जल, देश आणि काल बिघडल्याने भिन्न प्रकृतीची माणसे एकाच वेळी आजारी पडतात. त्या बिघाडाच्या मुळाशी अधर्म असतो, आणि या अधर्माची सुरुवात देश व नगर यांच्या प्रमुखांपासून होऊन तो खाली प्रजेत पसरतो. म्हणजेच रोगाचे उत्तरदायित्व एकट्या रोग्याच्या माथी मारता येत नाही. जंगल आणि काताचा धंदा हातचा गेल्यावर उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर राबणाऱ्या, धूर आणि अपुरे अन्न यांतच वर्षाचे कित्येक महिने काढणाऱ्या कातकऱ्याच्या क्षयाला त्याचे व्यक्तिगत प्रारब्ध म्हणणे हा, चरकाच्याच कसोटीने, विचाराचा आळस ठरतो.

रोगाच्या कारणात समाजाचा वाटा आहे, म्हणून शोधाचा अधिकार आहे. पण तो अधिकार ऋणाच्या रूपाने येतो. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे आणि माणसांना आश्रय व अन्न देऊन ते फेडावे असे म्हटले आहे. न मागता तपासणाऱ्याने हेच ऋण अंगावर घेतलेले असते. आधुनिक वैद्यकही वेगळ्या वाटेने येथेच पोचले: जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये चाळणी तपासणीचे, म्हणजे लक्षणे दिसण्याआधी रोग हुडकण्याचे, जे निकष मांडले, त्यांत सापडलेल्या रोगावर मान्य उपचार आणि त्याची सोय असणे ही अट आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात एप्रिल २०२० मध्ये लॅटिनो वस्तीची कोविड तपासणी झाली, तेव्हा बाधितांपैकी बहुतेकांना घरी बसून काम करणे शक्य नव्हते. त्यामुळे तेथे तपासणीला घरपोच अन्नाची आणि आधाराची जोड द्यावी लागली. भारतात निक्षय पोषण योजनेतून क्षयरुग्णाला मिळणारे दरमहा ५०० रुपयांचे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले, हीसुद्धा त्या ऋणाची अल्पशी का होईना, फेडच होय.

सिकलसेलचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. हा रक्तदोष आनुवंशिक असून त्याचा वाहक, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच तो आलेली व्यक्ती, सहसा आजारी नसते. परंतु दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्य रोगी असण्याची शक्यता चारांत एक असते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात, जे १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले, तपासणीनंतर रंगांनी ओळखता येणारी कार्डे देण्याची पद्धत आहे. समुपदेशनासाठी ती उपयुक्त आहेत; पण लहानशा वाडीत एखाद्या मुलीच्या कार्डाचा रंग सोयरिकीच्या बोलण्यात चर्चिला गेला, तर निरोगी मुलगीही दूषित ठरते. क्षयाचे ज्ञान शेजाऱ्याच्या रक्षणासाठी काही प्रमाणात समाजाचे असू शकते. वाहकत्वाचे ज्ञान मात्र सर्वस्वी त्या व्यक्तीचे आहे, आणि ते वाडीच्या मध्यभागी यादी वाचून सांगणे ही, हेतू कितीही चांगला असला तरी, हिंसाच होय.

उरते ती काळाची अडचण. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे भट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यामुळे हिवाळ्यातील मोहिमेला अनेक झोपड्या बंद सापडतात आणि आधी घेतलेल्या नमुन्यांचे अहवाल रिकाम्या वाडीत येऊन पडतात. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन अभियानात, ज्यात कातकरी समाजाचा समावेश आहे, फिरत्या वैद्यकीय पथकांची तरतूद आहे. या पथकांनी वाडीबरोबर भट्टीचाही माग काढला, अहवाल ज्याचा त्याच्याच हाती एकांतात दिला आणि तालुका किंवा जिल्हा बदलला तरी औषधाचा क्रम तुटू दिला नाही, तरच वाडीत घेतलेल्या रक्ताच्या थेंबाचा हिशेब पुरा होईल.