बेटावरील रहिवास

मानोरा तालुक्यातील इंझोरीपासून समुद्र फार दूर. तरी आज आम्ही एका बेटाविषयी बोलणार आहो. मुंबईच्या बंदरात घारापुरी आहे. लेणी पाहावयास आलेले लोक सायंकाळच्या होडीने परततात. राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर येथील रहिवासी मात्र तेथेच राहतात. समोर मुंबईचे दिवे झगमगत असता, समुद्रतळातून तार येऊन ह्यांस वीज मिळाली ती २०१८ साली! तथापि भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, हे तेथे पोरासही ठाऊक. खाडीच्या चिखलात निवटी नामक मासा परांवर चालतो. तिवराची मुळे हवा घेण्यास चिखलातून वर डोकावतात. केवढे हे नवल!

“पोट रिकामे असता ही मौज कोणास सुचते?” असे कित्येक बंधू विचारतील. कपाशीस भाव नाही, डोक्यावर कर्ज आहे. त्यांचा प्रश्न आम्ही हलका मानीत नाही. परंतु तारू फुटून २७६ जीव मिलिता बेटास लागले, तेव्हा पावसात व थंडीत पौल काटक्या वेचू लागला. बंदिवान मनुष्य तो! त्याने समुद्राची शोभा पाहिली की नाही, हे शास्त्रात लिहिलेले नाही. पायाजवळची काटकी मात्र त्यास दिसली. आणि पुढे त्या परक्या बेटावर तीन महिने राहून त्याने दुखणाइतांची सेवा केली.

आपल्या शेतात कपाशीचे फूल सकाळी फिकट उमलते व दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. ते आपल्या मुलांस कोणी दाखविले आहे काय?